पहाटेची रांग आणि परवान्याचा कागद

लाखनीवरून जाणारा नागपूर-रायपूर महामार्ग रात्रीही झोपत नाही. पण पहाटे चारनंतर त्याच्यावर वेगळी वर्दळ सुरू होते. धानाची रोवणी आटोपली की आमच्या भागात हाताला काम राहत नाही. मग बाया मिरची तोडायला, कापूस वेचायला उमरेड-भिवापूरच्या बाजूला जातात आणि पुरुष माणसे मौदा-नागपूरकडे बांधकामावर. मालवाहू गाडीत दाटीवाटीने बसायचे, मांडीवर डबा, डब्यात रात्रीचा भात. फजरची नमाज पढून परतणारी मंडळी आणि ही माणसे रोज एकमेकांना ओलांडून जातात. आमच्या वर्गातल्या कित्येक मुलांचे वडील मूल झोपेत असताना घर सोडतात आणि ते झोपल्यावर परत येतात.

हे जगणे कष्टाचे आहे यात शंका नाही. पण या प्रवासात एक गोष्ट नाही, आणि ती नाही हे आपल्या लक्षातही येत नाही. भंडारा जिल्हा संपून नागपूर जिल्हा लागला म्हणून कुणी त्यांना खाली उतरवत नाही. छत्तीसगडचा मजूर देवरीमार्गे महाराष्ट्रात येतो, त्यालाही कुणी विचारत नाही. राज्याच्या हद्दीवर नाका होता तो मालाच्या ट्रकांसाठी. फक्त २०२० च्या टाळेबंदीत काही महिने हे चित्र बदलले. जिल्ह्याची हद्द ओलांडायला ई-पास लागू लागला. याच महामार्गावरून नागपूरकडून छत्तीसगड-ओडिशाकडे डोक्यावर बोचके घेऊन चालत जाणारी माणसे आपण पाहिली. २ सप्टेंबर २०२० पासून महाराष्ट्रात ई-पासची अट उठली आणि आपण ती विसरूनही गेलो.

कामाला जाण्याची वाट कुठे संपते आणि सरहद्द कुठे सुरू होते? आमच्या मते याचे उत्तर अंतरात नाही, कागदात आहे. ज्या क्षणी मजुराला कामावर जाण्यासाठी सरकारचा परवाना लागतो आणि रात्री ठरल्या वेळी परत येण्याची सक्ती होते, त्या क्षणी चार कोसांची वाटसुद्धा सरहद्द बनते. त्याचे हात हवे असतात, तो नको असतो. जगात याचे सर्वांत मोठे उदाहरण आज पॅलेस्टिनी रोजंदार मजुराचे आहे. परंतु तिकडे जाण्याआधी आपल्याच महाराष्ट्रातल्या एका कुंपणाजवळ थांबणे भाग आहे, कारण हा प्रकार परका आहे असे समजण्याची आपल्याला सवय झाली आहे.

सोलापुरात 'सेटलमेंट' नावाची वस्ती आहे. आज ते साधे पत्त्यातले नाव आहे. त्यामागचा इतिहास असा, की इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू करता आला आणि १९२४ साली नव्याने पक्का करण्यात आला. एखाद्या जमातीत जन्म घेणे हाच गुन्हा, असे या कायद्याचे सरळ गणित होते. कैकाडी, भामटा, पारधी, कंजारभाट अशा जमातींच्या माणसांची नावे रजिस्टरात चढली, बोटांचे ठसे घेतले गेले. मुंबई इलाख्यात या वसाहतींचे काम स्टार्ट नावाच्या आय.सी.एस. अधिकाऱ्याने विजापूरपासून सुरू केले आणि पुढे ते हुबळी, गदग, सोलापूरपर्यंत वाढले. सोलापूरची वसाहत काही काळ अमेरिकन मराठी मिशनच्या हाती होती.

सोलापूरच का? कारण तिथे कापडगिरण्या होत्या. ज्याला सोलापूरकर जुनी मिल म्हणत, ती १८७७ ची. गिरणीला माणसे हवी होती आणि कुंपणाच्या आत माणसे होती. काटेरी तारेच्या आत बिऱ्हाडे, दारावर पहारा. भोंगा वाजण्याआधी निघायचे, दिवसभर साच्यावर उभे राहायचे, सुटी झाली की परत कुंपणात येऊन हजेरी द्यायची. पासाशिवाय बाहेर सापडला तर वॉरंटशिवाय अटक. मुले आईबापांपासून वेगळी काढून उद्योगशाळेत ठेवण्याची सोयसुद्धा १९११ च्या कायद्यात होती. स्टार्टसाहेब आणि मिशनरी मंडळी याला सुधारणा म्हणत, आणि त्यांतल्या काहींचा हेतू वाईट नसेलही. पण ज्या मजुराच्या घराची किल्ली सरकारकडे आहे तो मजुरी वाढवून कशी मागणार? संप कसा करणार? गिरणी नको म्हणून गावाकडे तरी कसा जाणार?

मुस्लिम वाचकांनी यात आणखी एक नाव लक्षात ठेवावे, ते छप्परबंदांचे. ही मुसलमान जमात. मोगल फौजेबरोबर दक्षिणेत येऊन छावणीची छप्परे बांधणारे आपले पूर्वज, अशी त्यांची सांगी आहे. त्यांच्यावर खोटी नाणी पाडण्याचा शिक्का बसला आणि अख्खी जमात गुन्हेगार म्हणून नोंदली गेली. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या चौदा नावांच्या यादीत छप्परबंद हे नाव आजही आहे. आपल्या सभा-संमेलनांतून त्यांचा उल्लेख किती वेळा होतो, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. सोलापूर म्हटले की आपण कुर्बान हुसेन यांचे नाव घेतो, आणि घ्यावेच. गिरणी कामगारांत वावरणारा तो तरुण १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फासावर गेला. पण त्याच शहरात त्याच काळात तारेच्या आड राहणारे गिरणी कामगार आपल्या इतिहासात येत नाहीत.

मुंबई राज्याने हा कायदा १९४९ साली रद्द केला आणि देशभरातून तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पंडित नेहरूंनी सोलापुरात येऊन तार तोडली, ही आठवण विमुक्त समाजात अजून सांगितली जाते.

परवान्याच्या या कागदाविरुद्ध पहिला मोठा आवाज उठला तो दक्षिण आफ्रिकेत, आणि तो आपल्या लोकांनी उठवला. ट्रान्सवाल सरकारने हिंदी लोकांवर नोंदणी आणि बोटांच्या ठशांची सक्ती केली, तेव्हा ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या सभेत शेठ हाजी हबीब यांनी खुदाला साक्षी ठेवून हा कायदा न पाळण्याची शपथ घेतली. गांधीजींच्या सत्याग्रहाची सुरुवात या शपथेपासून धरतात. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात सुमारे दोन हजार दाखल्यांची होळी झाली. तिथल्या काळ्या मजुरांच्या पासाचा कायदा मात्र १९८६ पर्यंत टिकला. शार्पव्हिल येथे २१ मार्च १९६० रोजी पासाविरुद्ध जमलेल्यांपैकी ६९ जण गोळीबारात मेले.

आता पॅलेस्टाइन. तिथल्या परवान्याचा पायासुद्धा इंग्रजांनीच घातला आहे. १९४५ साली इंग्रजांच्या मँडेट सरकारने आणीबाणीचे संरक्षण नियम काढले. १९४८ साली इस्रायल स्थापन झाले, सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घरादाराला मुकले. आणि जे आत राहिले, ज्यांना इस्रायलचे नागरिकत्व मिळाले, त्यांच्यावर नव्या सरकारने हेच जुने नियम लावून लष्करी अंमल बसवला. गावाबाहेर कामाला जायचे तर लष्करी कचेरीतून चिठ्ठी आणायची. हा अंमल १९६६ च्या अखेरपर्यंत चालला.

त्या काळातली एक घटना या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. २९ ऑक्टोबर १९५६, सुएझच्या युद्धाचा पहिला दिवस. कफ्र कासिम या सीमेवरच्या गावी संचारबंदीची वेळ अलीकडे आणून संध्याकाळी पाचची करण्यात आली. गावच्या मुखत्याराला हे जेमतेम अर्धा तास आधी कळवले. शेतात आणि खाणीत कामाला गेलेल्यांना निरोप कोण देणार? ती माणसे रोजच्यासारखी सायकलींवरून, गाड्यांतून घरी परतत होती. गावाच्या वेशीवर सीमा पोलिसांनी त्यांना उतरवले आणि गोळ्या घातल्या. ४९ जण मेले, त्यात बाया होत्या, मुले होती. खटला चालला. न्यायमूर्ती बेन्यामिन हालेव्ही यांनी निकाल दिला, की जो हुकूम उघडउघड बेकायदेशीर आहे तो पाळणारा शिपाईही दोषीच. निकाल चांगला होता. पण शिक्षा झालेले काही वर्षांतच सुटले, आणि ज्या ब्रिगेड कमांडरवर वेगळा खटला झाला त्याला दंड झाला तो दहा प्रुतोत, म्हणजे आपल्या भाषेत एक दमडी.

जून १९६७ च्या युद्धात वेस्ट बँक आणि गाझा इस्रायलच्या ताब्यात आले. एका बाजूला बांधकामाला माणसे कमी, दुसऱ्या बाजूला निर्वासितांच्या छावण्या आणि बेकारी. १९६८ पासून सरकारी कामगार कचेऱ्या उघडून पॅलेस्टिनी मजुरांना इस्रायलमध्ये कामाला नेण्याची रीत सुरू झाली. १९७२ साली सरसकट परवानगी देण्यात आली. म्हणजे दिवसा कुणीही जावे, पण रात्री एक ते पाच या वेळेत इस्रायलच्या हद्दीत सापडता कामा नये. सोलापूरच्या सेटलमेंटमधील रात्रीच्या हजेरीची आठवण इथे कुणाला झाल्याशिवाय राहणार नाही. रोज येण्या-जाण्याचे चार-सहा तास वाचावेत म्हणून कित्येक मजूर बांधकामावर, गोदामात, मळ्यात चोरून झोपत आणि मालक बाहेरून कुलूप लावून जात.

वीस वर्षांत ही संख्या लाखाच्या वर गेली. १९८७ च्या सुमारास कामावर असलेल्या पॅलेस्टिनींपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोक रोज पहाटे हद्द ओलांडत होते. गाझात हे प्रमाण आणखी जास्त होते. इस्रायलची घरे, रस्ते, हॉटेलांतली भांडी, संत्र्यांच्या बागा या हातांवर चालत होत्या. पगारातून इस्रायली कामगाराइतकीच विम्याची कपात होई, पण म्हातारपणाचा किंवा बेकारीचा लाभ यांना नसे. ज्यांच्याकडे कचेरीतून मिळालेले काम नसे ते रस्त्याच्या चौकात उभे राहत. मालक गाडी थांबवून दंड पाहून माणूस निवडे. अशा चौकाला मजूर सूक अल-अबीद म्हणत, म्हणजे गुलामांचा बाजार. नागपूरच्या मजूर ठिय्यावर ज्याने सकाळचे दोन तास काढले आहेत त्याला हे नाव समजावून सांगण्याची गरज नाही.

या जगण्यावर १९७६ साली नाब्लुसच्या सहर खलीफा यांनी 'अस्सब्बार' ही कादंबरी लिहिली. परदेशातून आलेला एक तरुण मजुरांच्या बसेस उडवायच्या कामगिरीवर येतो आणि पाहतो तर त्याच्या स्वतःच्या नात्यातला भाऊ त्याच बसने इस्रायलमध्ये कामाला जातो. ज्या घरावर कब्जा आहे त्या घरची चूल कब्जा करणाऱ्याच्या मजुरीवर पेटते, हा पेच खलीफांनी लपवला नाही. मंचावरून पॅलेस्टाइनवर भाषणे करणाऱ्या आपल्याकडच्या पुढाऱ्यांनी ती वाचली असती तर त्यांच्या भाषणांत जरा माणसे दिसली असती. असो.

पहिल्या इंतिफादाचे कारण सांगताना पुस्तके मोठमोठी राजकीय कारणे देतात. ती खरीच आहेत. पण ठिणगी पडली ती परतीच्या रस्त्यावर. ८ डिसेंबर १९८७ रोजी संध्याकाळी कामावरून गाझात परतणाऱ्या मजुरांच्या गाड्यांवर एक इस्रायली ट्रक आदळला आणि चार मजूर मेले. अपघात की सूड, यावर रात्रभर अफवा पसरल्या. मयतीहून परतणारा जमाव जबालिया छावणीत उसळला आणि उठाव सुरू झाला. त्यानंतर २० मे १९९० रोजी रिशोन लेझियन या शहराच्या वेशीवर सकाळी कामाची वाट पाहत उभ्या असलेल्या मजुरांना एका माजी सैनिकाने आधी ओळखपत्रे मागितली, मग रांगेत बसवून गोळ्या घातल्या. सात जण जागीच गेले. ओळखपत्र मागितले की ते निमूटपणे काढून दाखवायचे, ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की समोरचा खरा पहारेकरी आहे का, हे विचारण्याचे कुणाला सुचले नसावे.

परवान्याचा फास पुढे आवळतच गेला. १९८९ साली गाझाच्या मजुरांना चुंबकीय कार्ड सक्तीचे झाले. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्धाच्या वेळी १९७२ ची सरसकट परवानगी रद्द झाली आणि प्रत्येकाला वेगळा परवाना लागू लागला. मार्च १९९३ मध्ये हल्ल्यांच्या लाटेनंतर कायमची नाकेबंदी झाली. पुढे ऑस्लोचा करार आला, हस्तांदोलनाचे फोटो छापून आले, पण मजुराची रांग लांबतच गेली. त्याच वर्षांत इस्रायलने थायलंड, रुमानिया, चीन इथून मजूर आणायला सुरुवात केली, हे इथे लक्षात ठेवावे. २००६ नंतर गाझाचा मजूर जवळपास पूर्ण बंद झाला. वेस्ट बँकेत २००२ पासून भिंत उभी राहू लागली. तिचा मोठा भाग इस्रायलच्या जुन्या हद्दीवर नसून वेस्ट बँकेच्या आत आहे. ९ जुलै २००४ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ही भिंत बेकायदेशीर असल्याचे मत दिले. भिंत राहिली, आणि तिच्यात दारे ठेवली गेली, कारण मजूर तर हवाच होता.

ही दारे म्हणजे आपल्या विषयाचा गाभा. तुलकर्मजवळ तैबे, कल्कील्याजवळ एयाल, हेब्रॉनच्या बाजूला तरकूमिया, बेथलेहेमला तीनशे नंबरचा नाका, रामल्ला आणि जेरुसलेमच्या मध्ये कलंदिया. दार उघडते पहाटे चारच्या आसपास. आठला कामावर पोचायचे तर दोन-अडीचलाच रांगेत उभे राहावे लागते. लांबच्या खेड्यातला माणूस एकला घर सोडतो. लोखंडी गजांची अरुंद गल्ली, वर पत्रा, पुढे फिरता दांडा. दांडा एका वेळी थोड्याच माणसांना सोडतो आणि आतून कळ दाबली की अडकतो. मग पिशवी, पट्टा, बूट काढून यंत्रातून, मग हाताचा पंजा काचेवर, कार्ड, परवाना. मागची गर्दी पुढच्याला गजांवर दाबते. बरगड्या मोडल्याच्या, जीव गेल्याच्याही नोंदी आहेत. पुढचा नंबर लागावा म्हणून काही जण गजांवरून, डोक्यांवरून सरकत जातात. बाहेर अंधारात चहा-कॉफीच्या आणि तिळाच्या पावाच्या गाड्या लागलेल्या असतात. फजरची वेळ होते तेव्हा माणसे पुठ्ठा अंथरून आळीपाळीने नमाज पढतात, शेजारचा जागा धरून ठेवतो. रमजानात सेहरी याच रांगेत होते.

एवढे करून आत गेलेल्याला मिळते काय? वेस्ट बँकेतल्या मजुरीच्या दुपटीहून अधिक रोज. म्हणूनच रांग तुटत नाही. पण परवान्यावर मालकाचे नाव असे. मालक सोडला की परवाना गेला. यातून दलाल निपजले, दोन्ही बाजूंचे. ज्याच्या नावावर परवाना आहे त्याच्याकडे काम करायचेच नाही, फक्त त्याला महिन्याला दोन हजार शेकेल किंवा त्याहूनही अधिक मोजायचे आणि काम दुसरीकडे शोधायचे, असा धंदा वर्षानुवर्षे चालला. आपल्याकडे मुकादम उचल देऊन माणूस बांधून घेतो; तिकडे कागद देऊन बांधून घेतात. भावाने किंवा चुलतभावाने दगड फेकला एवढ्यावरही परवाना रद्द होतो आणि कारण सांगितले जात नाही. त्यामुळे घरातली म्हातारी माणसे पोरांना आधी गप्प बसवतात. परवान्याचे हे काम आम्हाला सर्वांत मोठे वाटते. बंदुकीपेक्षा ते स्वस्त पडते.

इस्रायलमध्ये याविषयी लाज वाटणारे लोक नाहीत असे नाही. २००१ पासून 'मखसोम वॉच' या संघटनेच्या इस्रायली स्त्रिया, बहुतेक वयस्कर, पहाटे नाक्यांवर येऊन उभ्या राहिल्या, किती वाजता दार उघडले आणि किती माणसे अडली याच्या नोंदी ठेवत गेल्या. त्यांच्या या कामामुळेही आज आपल्याला बरेच काही ठाऊक आहे. २०१९ साली कलंदियाला नवी यंत्रे बसली, चेहरा ओळखून दार उघडणारी. रांग आखूड झाली हे खरे. त्या बदल्यात लाखो लोकांचे चेहरे सरकारी यंत्रात गेले.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने दक्षिण इस्रायलवर हल्ला केला. सुमारे बाराशे माणसे मारली गेली, त्यात बहुसंख्य साधे नागरिक होते. त्यानंतर गाझावर जे युद्ध लादले गेले त्यातल्या मृतांचा आकडा हजारोंच्या घरात गेला. या मोठ्या संहारात मजुरांची गोष्ट बाजूला पडली. हल्ल्याच्या आधी परवान्याने आणि परवान्याविना मिळून दीड लाखाहून अधिक पॅलेस्टिनी इस्रायलमध्ये आणि वसाहतींत कामाला जात. २०२१ पासून गाझालाही पुन्हा परवाने मिळू लागले होते आणि तो आकडा अठरा हजारांच्या आसपास पोचला होता. एका दिवसात सगळे परवाने थांबले. इस्रायलमध्ये अडकलेल्या गाझाच्या हजारो मजुरांना पकडून ठेवले गेले, आणि ३ नोव्हेंबर २०२३ रोजी केरेम शालोमच्या दारातून पायी परत धाडले. कित्येकांच्या घोट्याला नंबर लिहिलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या होत्या. वेस्ट बँकेतल्या मजुरांपैकी थोड्यांनाच पुढे परत घेतले. बाकीचे बेकार झाले, आणि त्यांतले काही जण रात्री शिडी लावून भिंत चढू लागले. पडून हातपाय मोडले, काहींना गोळ्या लागल्या.

इमारतींची कामे मात्र अर्धवट उभी होती. १९९० च्या दशकात थायलंड आणि रुमानियाचे जे झाले ते आता आपल्या वाट्याला आले. भारत आणि इस्रायल यांच्यात मजूर पाठवण्याचा करार नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला. बोलणी त्याआधीपासून चालू होती. जानेवारी २०२४ मध्ये रोहतक आणि लखनौला भरतीसाठी हजारोंच्या रांगा लागल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये दहा हजार बांधकाम मजुरांची पुढची फेरी आली ती महाराष्ट्रात. सेंट्रिंग, लोखंड वाकवणे, प्लास्टर, फरशी. महिना सव्वा लाखाच्या वर पगार. देशातल्या मोठ्या कामगार संघटनांनी नोव्हेंबर २०२३ मध्येच याला विरोध केला होता. मार्च २०२४ मध्ये लेबनॉनच्या सीमेजवळ मार्गालियोत येथे शेतात काम करणारा केरळचा एक तरुण क्षेपणास्त्राने मारला गेला. तरीही रांगा हटल्या नाहीत.

आमचा एक जुना विद्यार्थी फरशी बसवण्याचे काम करतो. त्याने त्या वेळी येऊन विचारले, सर, फॉर्म भरू का? त्याची मजुरी आम्हाला ठाऊक आहे, घरचे कर्जही ठाऊक आहे. हराम-हलालचा फतवा देण्याचा अधिकार आम्हाला नाही आणि भुकेल्या माणसाला इतिहास ऐकवून पाठवणे हेही बरे नव्हे. तरी आम्ही त्याला एवढे सांगितले, की ज्या जागेवर तुला बोलावत आहेत ती रिकामी कशी झाली हे समजून घे, आणि तुझ्या व्हिसावर मालकाचे नाव असेल का हेही विचार. तो बराच वेळ बसला. मग त्याने विचारले, की तिथले मजूर आता काय करतात. हा लेख त्या प्रश्नापासून सुरू झाला, असे म्हटले तरी चालेल.

त्याला आम्ही आणखीही एक गोष्ट सांगितली. तिथे गेलास तर मराठी कानावर पडेल. कोकणातले बेने इस्रायली, ज्यांना रायगडात शनवार तेली म्हणत आणि ज्यांचे मुसलमान शेजाऱ्यांशी पिढ्यान् पिढ्या बरे होते, ते १९४८ नंतर तिकडे गेले आणि लोद, रामला, दिमोना, अश्दोद अशा गावी वसले. लोद आणि रामला येथून जुलै १९४८ मध्ये अरब रहिवाशांना हाकलले होते. आलेल्या या मराठी माणसांनाही पहिल्या दिवसापासून मान मिळाला असे नाही. तुम्ही अस्सल यहुदी आहात का, हा प्रश्न त्यांना १९६४ पर्यंत सोसावा लागला, त्यासाठी त्यांना धरणे धरावे लागले. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. माणसाकडे कागद मागणाऱ्या कचेरीचा जाच त्यांनीही पाहिला आहे, एवढेच.

भरतीच्या पुढची एक बातमी मार्च २०२५ ची आहे. बांधकामासाठी इस्रायलला गेलेल्या दहा भारतीय मजुरांना कामाचे आमिष दाखवून वेस्ट बँकेतल्या अझ-झईम या खेड्यात नेण्यात आले आणि त्यांचे पासपोर्ट काढून घेतले गेले. महिन्याहून अधिक काळ ते तिथे अडकून होते; मग इस्रायली अधिकाऱ्यांनी रात्री छापा घालून त्यांना सोडवले. इस्रायली लष्कराने सांगितले, की ते भारतीय पासपोर्ट घेऊन पॅलेस्टिनी नाका ओलांडून इस्रायलमध्ये जाण्याचा प्रयत्न करीत होते. नाक्यावर पासपोर्ट ओळखले गेले आणि ज्यांचे त्यांना परत देण्यात आले.